शेपट्या फुटलेलं ग्रॅफाइट

ग्राहकाचा मेल तीन ओळींचा होता, सोबत एक फोटो. नोड्युलॅरिटी ७४ टक्के, मागणी किमान ८५, लॉट रिजेक्ट. माल आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतला, ट्रकच्या सस्पेन्शनला बसणारा ब्रॅकेट, ग्रेड एसजी ५००/७. एसजी म्हणजे गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड. त्याच हीटचा, म्हणजे भट्टीतून निघालेल्या त्याच खेपेचा, आमचा रिपोर्ट ९० म्हणत होता.

असा फरक निघाला की फाउंड्रीत सगळे आधी भट्टीकडे बोट दाखवतात. मॅग्नेशियम कमी पडलं असेल, वितळलेल्या लोखंडाचं भांडं, म्हणजे लॅडल, रेंगाळलं असेल. साध्या बिडात ग्रॅफाइट पाकळ्यांच्या रूपात असतं आणि त्या पाकळ्यांच्या टोकांशी धातू तुटायला तयारच बसलेला असतो. मॅग्नेशियम घातलं की तेच ग्रॅफाइट गोळ्या धरतं आणि ओतीव लोखंड थोडं वाकायला, ताणायला राजी होतं. ५००/७ म्हणजे निदान ५०० मेगापास्कल ताण आणि तुटण्याआधी ७ टक्के लांबी. एकूण ग्रॅफाइटपैकी नीट गोल किती, याचा टक्का म्हणजे नोड्युलॅरिटी. मॅग्नेशियम उडून जाणारं द्रव्य, त्यामुळे ते घातल्यावर, म्हणजे ट्रीटमेंट झाल्यावर, साधारण दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं असतं. मी हीटचे कागद काढले. शिल्लक मॅग्नेशियम ०.०४२ टक्के, वेळही मर्यादेत. आमचं सॅम्पल लॅडलमधल्या शेवटच्या मोल्डचं होतं, म्हणजे बिघडलं असतं तर तिथंच आधी दिसलं असतं.

मग तो फोटो स्क्रीनवर मोठा करून बघितला. आमच्या लॅबमध्ये सॅम्पल तयार करणारे मामा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, सगळ्या शेपट्या एकाच अंगाला हायत की. भट्टीत असल्या शेपट्या येत न्हाईत. ह्या हातानं येत्यात."

खरंच. प्रत्येक गोळ्याच्या उजव्या-खालच्या बाजूला एक काळपट ओघळ, सगळे एकमेकांना समांतर. द्रव धातूत वाढणाऱ्या गोळ्यांना उजवं-डावं कळत नाही. पॉलिशिंगच्या चकतीला मात्र कळतं. सॅम्पल एकाच दिशेला धरून दाबून ठेवलं की मऊ ग्रॅफाइटमागचा धातू खरवडला जातो आणि गोळ्याला शेपूट फुटतं. लॅबमध्ये याला कॉमेट टेल म्हणतात. इमेज ॲनालायझरला शेपूट आणि गोळा वेगळे दिसत नाहीत. तो दोन्ही मिळून एक लांबुडका आकार मोजतो आणि गोल नाही म्हणून बाद करतो.

फोनवर हे सांगून कुणी ऐकत नाही. मी लिहिलं, तुम्ही कापलेला तुकडाच घेऊन या, तुमच्यासमोर तयार करू, मोजा तुम्हीच. त्यांचे क्वालिटीचे इंजिनिअर आले. तरुण, नम्र मुलगा, पण वरिष्ठांनी बजावून पाठवलेलं दिसत होतं. खुर्चीत बसलाच नाही. सगळा वेळ मामांच्या खांद्यावरून बघत उभा.

त्यांच्या तुकड्याच्या कापलेल्या कडेला निळसर पट्टा होता. हातातल्या अँगल ग्राइंडरने कोरडंच कापलेलं. निळा रंग म्हणजे तिथं धातू तापला, आणि तापलेल्या थरातली रचना कास्टिंगची राहिली नाही, कापणाऱ्याची झाली. मामांनी तो तुकडा कट-ऑफ मशीनला बांधला आणि निळ्या पट्ट्यापासून चांगलं आत, कुलंटच्या धारेखाली पुन्हा कापला. या कापण्यात एकच पथ्य: व्हीलवर जोर द्यायचा नाही. नवशिके इथं एक गोष्ट उलटी धरतात. धातू कठीण असेल तर व्हील मऊ बाँडचं लागतं, म्हणजे बोथट झालेले कण गळून पडतात आणि खालचे नवे धारदार कण कापायला पुढे येतात. कठीण धातूला कठीण व्हील लावलं तर ते कापत नाही, घासतं आणि भाजतं.

कुठून कापायचं हाही प्रश्न असतोच. स्पेक्ट्रोसाठी, म्हणजे धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रासाठी, तांब्याच्या साच्यात ओततात ती चिल कॉइन हाताशी असते म्हणून काही जण तीच मायक्रोस्कोपखाली ठेवतात. ती इतकी झटकन गोठलेली असते की कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तिच्यात कार्बाइडच, म्हणजे लोखंडाशी जखडलेला कार्बनच, दिसणार. त्या कॉइनवरून ग्रॅफाइटबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

बरं, कास्टिंगमध्ये तरी कुठून? नो-बेक मोल्डमध्ये, म्हणजे न भाजता रसायनाने घट्ट होणाऱ्या वाळूच्या साच्यात, फ्युरान रेझिनसोबत सल्फॉनिक ॲसिडचा कॅटलिस्ट असतो. त्यातलं गंधक पृष्ठभागाजवळचं मॅग्नेशियम खातं आणि वरच्या पातळ सालीत गोळ्यांऐवजी पुन्हा पाकळ्या येतात. आत सगळं उत्तम असतं. त्यामुळे साल धरून बघितलं आणि साल सोडून बघितलं तर दोन वेगळी कास्टिंगं वाटावीत. ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर तपासणीची जागा जाड बॉसच्या, म्हणजे फुगीर भागाच्या, मध्यावर दिलेली होती. आम्ही तिथलंच घेतलं, पण एक बाजू सालीपर्यंत ठेवली. इंजिनिअरनेच तसं सुचवलं आणि ते रास्त होतं.

कड बघायची म्हणून माउंटिंग आलं, म्हणजे तुकडा बेकलाइटच्या वडीत बसवणं. एरवी हीट सुटायची घाई असताना आम्ही सॅम्पल हातात धरूनच करतो, दहा-पंधरा मिनिटांत निकाल, कारण तिकडून मोल्डिंगचा सुपरवायझर फोनवर "मॅडम, माल सोडू का?" म्हणत असतो. ते घाईचं सॅम्पल फक्त एवढंच सांगतं की मॅग्नेशियमने काम केलं की नाही. वादाच्या मालाला ते चालत नाही. हातात धरलेल्या सॅम्पलची कड गोल होते आणि गोल झालेली कड फोकसमध्ये येत नाही. मामांनी तुकडा प्रेसच्या ३० मिलिमीटरच्या साच्यात पालथा ठेवला, वर काळी बेकलाइट पावडर, साधारण १५० अंशांवर दाब देऊन तापवलं आणि दाब न सोडता पाण्याने थंड केलं. गरम असतानाच दाब काढला तर बेकलाइट आक्रसतं, धातू आणि बेकलाइट यांच्यात फट पडते, आणि त्या फटीत पुढच्या प्रत्येक पेपरचे कण जाऊन बसतात. बाहेर आल्या आल्या त्यांनी पाठीवर एनग्रेव्हरने हीट नंबर कोरला. धुताना माउंट एकमेकांत मिसळली की नंतर कुणाचा बाप शोधणार? कडाही किंचित मारून घेतल्या, नाहीतर पुढे कापड फाटतं.

मग पेपर. सिलिकॉन कार्बाइडचे ओले पेपर, फिरत्या चकतीवर: १२०, २२०, ३२०, ६००, ८००, १२००. बघणाऱ्याला वाटतं गुळगुळीत करणं चाललंय. तसं ते नसतं. कापताना व्हीलने चरा पाडला तेवढ्यावर भागत नाही. चऱ्याच्या खालचा धातूही चेंगरलेला असतो. १२० चा पेपर कापण्याने चेंगरलेला थर काढतो आणि स्वतःचा थोडा कमी खोल चेंगरलेला थर ठेवून जातो. २२० चा पेपर १२० ने केलेली खराबी काढतो. असं करत करत खराबीची खोली कमी होत जाते. ३२० च्या पेपरचे कण साधारण ४६ मायक्रॉनचे, ६०० चे २६, १२०० चे १५. म्हणून एखादी पायरी गाळली तर पुढच्या बारीक पेपरला मागची खोल खराबी काढायला तासभर लागेल. तो काढतही नाही. वरवर चमक येते आणि खाली सगळं तसंच राहतं, ओल आलेल्या भिंतीवर रंग मारल्यासारखं.

मामांची पद्धत बघण्यासारखी आहे. प्रत्येक पेपरला सॅम्पल ९० अंशांत वळवून धरायचं. मागचे चरे उभे, तर आता पडणारे आडवे. उभ्यांतला शेवटचा चरा दिसेनासा झाला की तिथं थांबायचं नाही, तेवढाच वेळ अजून मारायचं, कारण चरा गेला तरी त्याच्या खालचं चेंगरणं राहिलेलं असतं. मग नळाखाली कापसाने धुवायचं, बोटंही धुवायची, नखांच्या आतूनही. एक जाड कण पुढच्या पेपरवर गेला की तो पेपर पेपर राहत नाही. पावसाळ्यात एमआयडीसीच्या नळाला कधीकधी गढूळ पाणी येतं, त्या दिवसांत आम्ही नळाला मलमलची चिंधी बांधतो. बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटतं.

आणि पेपर बदलायचा. इंजिनिअरचा चेहरा इथं पहिल्यांदा बदलला. एका सॅम्पलला मामांनी जवळजवळ प्रत्येक पायरीवर नवा पेपर लावला होता. तो म्हणाला, "आमच्याकडे एक पेपर दिवसभर चालवतात." सिलिकॉन कार्बाइडचे कण पहिली एक-दोन मिनिटंच धारदार असतात. नंतर पेपर धातू कापत नाही, तो लोळवतो. गोळ्यांभोवतीचं फेराइट, म्हणजे जवळजवळ शुद्ध लोखंड, मऊ असतं. बोथट पेपरखाली ते सरकून ग्रॅफाइटवर पांघरूण घालतं आणि गोळे लहान किंवा चेपलेले दिसू लागतात. कधी गोळा उपटूनही निघतो आणि मागे नुसता खड्डा उरतो. शेपट्या पॉलिशिंगमध्ये फुटतात हे खरं, पण निम्मं काम आधीच बोथट पेपरवर बिघडलेलं असतं. पेपरची किंमत स्टोअरला दिसते. रिजेक्ट झालेल्या लॉटची किंमत स्टोअरच्या रजिस्टरात येत नाही, एवढाच काय तो फरक.

डायमंड पेस्ट. आधी ६ मायक्रॉन, मग ३, मग १. ६ ला केस नसलेलं घट्ट कापड, १ ला आखूड केसांचं. तिन्ही कापडांचे डबे वेगळे, वर मार्करने मोठ्ठे आकडे, आणि १ मायक्रॉनच्या डब्याला मामांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा अलिखित नियम. इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीतून पेस्टचे मुगाएवढे दोन-तीन ठिपके, वर थोडं फ्लुइड. कापड ओलसर हवं, थबथबीत नको. आता शेपटीवरचा उपाय: चकती ज्या दिशेला फिरते त्याच्या उलट दिशेला सॅम्पल हाताने सावकाश गोल फिरवत राहायचं, म्हणजे कुठल्याच एका बाजूला सतत ओरबाडा बसत नाही. आणि दाब अगदी कमी. केसाळ वेल्व्हेटवर तर काही सेकंदच, ॲल्युमिनाच्या पाण्यासोबत. वेल्व्हेटवर चमक झकास येते म्हणून पोरं तिथं मिनिटं न् मिनिटं धरून उभी राहतात. त्या केसांनी ग्रॅफाइट उकरलं जातं, फेराइट खाली जातं, त्याहून कठीण असलेलं पर्लाइट वर राहतं, आणि आरशासारख्या दिसणाऱ्या सॅम्पलवर मायक्रोस्कोपखाली टेकड्या दिसतात. "चमकतंय ते सोन्याच्या दुकानात चालतंय," मामा पोरांना ऐकवतात.

धुऊन, अल्कोहोल मारून, हेअर ड्रायरखाली तिरपं धरून वाळवलं. कोल्हापूरच्या जुलैत हे काम रेंगाळलं तर बिडाच्या सॅम्पलवर जेवणाच्या सुट्टीत गंजाचे ठिपके येतात. ग्रॅफाइटच्या कडेच्या फटींत पाणी लपून बसतं आणि वाळलं असं वाटल्यावर बाहेर येऊन डाग पाडतं.

एचिंग, म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग हलका खाणं, न करताच १०० पट मोठं करून बघितलं. नोड्युलॅरिटी अशीच बघायची असते. एच केलं की पर्लाइट काळं पडतं आणि ॲनालायझर त्यालाही ग्रॅफाइट समजायला लागतो. शेपट्या दिसत नव्हत्या. पण मामा समाधानी नव्हते. काही गोळ्यांच्या कडा त्यांना पुसट वाटल्या. त्यांनी सॅम्पल हलकं एच केलं, पुन्हा १ मायक्रॉनवर थोडं फिरवलं, पुन्हा एच, पुन्हा पॉलिश. ॲसिड वरचा चेंगरलेला थर खातं, पॉलिश एचिंगचा खडबडीतपणा काढतं, आणि खालचा न दुखावलेला धातू वर येतो. घाईच्या सॅम्पलला हे कुणी करत नाही. करायला हवं असंही मी म्हणणार नाही.

इंजिनिअरला मी एक खूण दाखवली. गोळ्यावर फोकस धरायचा आणि नॉब किंचित हलवायचा. ग्रॅफाइट जागेवर असेल तर गोळा आणि आजूबाजूचा धातू जवळजवळ एकदमच स्पष्ट आणि एकदमच धूसर होतात, रंग करडा असतो. उपटून गेलेलं असेल तर तिथं कुट्ट काळं भोक दिसतं आणि त्याचा तळ वेगळ्याच फोकसला सापडतो. ५०० पटीला पोलरायझर घातला की शाबूत गोळ्यात मध्यातून कडेकडे जाणाऱ्या रेषा उजळतात. त्याने आपणहून स्टेज फिरवून दोन-चार गोळे बघितले. "आमच्या सॅम्पलमध्ये बरीच भोकंच होती म्हणायची," तो म्हणाला. मी काही बोलले नाही.

मोजणी त्यालाच करू दिली. वेगवेगळ्या पाच जागा त्याने निवडल्या, १० मायक्रॉनपेक्षा लहान ठिपके वगळले, सरासरी ८८ आली. आमचा ९० हा चार्टशी नजरेने जुळवून दिलेला आकडा होता, आणि चार्टवाले आकडे पाचाच्या पटीतच येतात. सालीजवळ मात्र मिलिमीटरभराच्या आत पाकळ्या होत्या. ते त्याने टिपून घेतलं आणि मीही लपवलं नाही. त्या बाजूला पुढे मशीनिंग होतं, ती साल निघून जाणार होती.

शेवटी नायटल. ९८ मिलिलिटर इथेनॉल, २ मिलिलिटर नायट्रिक ॲसिड. अल्कोहोलमध्ये ॲसिड घालायचं, उलट कधीच नाही, आणि फ्युम हूडखालीच. ५ टक्क्यांच्या वर बनवून बाटलीत घट्ट बूच लावून ठेवणं म्हणजे कपाटात स्फोटक ठेवणं. इथेनॉल आणायला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, त्यामुळे लॅबमध्ये ते दुधासारखं पुरवून वापरलं जातं आणि त्याच्या रजिस्टरची तपासणी ॲसिडपेक्षा जास्त काटेकोर होते. चिमट्याने सॅम्पल बुडवलं. काही सेकंदांत आरशावर धुरकट छाया उतरली, तोच पाण्याखाली, मग अल्कोहोल, मग ड्रायर. ही छाया ओळखणं घड्याळाने जमत नाही. ताजं नायटल झटक्यात काम करतं, शिळं रेंगाळतं.

मायक्रोस्कोपखाली काळे गोळे, प्रत्येकाभोवती पांढऱ्या फेराइटचं कडं, त्याबाहेर पर्लाइटचं राखाडी रान. ही बुल्स आयची रचना, ५००/७ ला जशी हवी तशीच. ५०० पटीला पर्लाइटमधल्या फेराइट आणि सिमेंटाइट (लोखंडाचं कार्बाइड) यांच्या एकाआड एक पट्ट्याही सुट्या दिसल्या.

धातू असा घासून, ॲसिडने हलका खाऊन बघण्याचं काम शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३ च्या सुमारास सुरू केलं. मूळचा माणूस खडकांचा अभ्यासक, दगडाचे पातळ काप करून बघणारा. त्या काळी रेल्वेचा अपघात झाल्यावर रूळ काढून मायक्रोस्कोपखाली बघा असं मी सुचवलं असतं तर मला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं, अशा अर्थाचं त्यांनी पुढे नमूद करून ठेवलंय. आज रूळ काय, ब्रॅकेटच्या बोल्टाचाही मायक्रो मागतात. तयारी मात्र कुणी विचारत नाही. रिपोर्टमध्ये भिंगाची पट असते, एचंटचं, म्हणजे एच करणाऱ्या द्रावणाचं, नाव असतं, स्टँडर्डचा नंबर असतो. पेपर नवा होता की दिवसभर चाललेला, याला रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी लॉट मान्य झाल्याचा मेल आला. सोबत एक अट: इथून पुढे प्रत्येक लॉटसोबत एच न केलेला आणि एच केलेला असे दोन्ही फोटो पाठवायचे, कडेचा एक वेगळा. अट त्रासाची आहे, पण चुकीची नाही. त्या मुलाने मेलच्या खाली स्वतःकडून एक ओळ घातली होती, १ मायक्रॉनला तुम्ही वापरता ते कापड कोणतं, कळवाल का. मी मामांना विचारून कापडाचा नंबर पाठवला. मामांनी निरोपात भर घातली, "कापडासंगं पेपर पण नवं घ्या म्हणावं." तेही लिहून टाकलं.

आमच्या स्टोअरकडून त्या महिन्याच्या पेपरच्या मागणीवर लाल पेनने "एवढे कशाला?" असा शेरा आला. मी दोन्ही फोटो प्रिंट काढून, एक शेपट्यांचा आणि एक बिनशेपट्यांचा, त्याच कागदाला टाचणी लावून परत पाठवले. मागणी मंजूर झाली, अर्धी.